एक तास दहा मिनिटं

तिकिटावर छापलंय : इंदूर ते पुणे, एक तास दहा मिनिटं.
काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, अंतर किती?
तो हसला. "मॅडम, किलोमीटर आजकाल कोणी विचारत नाही."

आम्ही तर अंतरच मोजत जायचो.
सरवटेहून संध्याकाळी सुटलेली बस,
मानपूरचा घाट उतरताना दडे बसलेले कान,
आणि खलघाटला पुलावर ड्रायव्हर गाडी हळू करायचा.
आई आम्हा दोघींच्या तळव्यावर दहा-दहा पैसे ठेवायची.
"मैयाला टाका. मागू नका काही."
मी टाकायची.
निमा मूठ मिटून बसायची,
आणि सेंधव्याला गाडी थांबली की
त्याच दहा पैशांचा पेरू खायची, तिखटमीठ लावून.
मी आईला सांगितलं.
ती माझी पहिली चुगली.

शेवटची, आई गेल्यावर,
पेन्शनच्या कागदावरच्या एका सहीची.
कुणासमोर केली, ते आता राहू दे.
त्यानंतर नऊ वर्षं.

वीज मंडळात बिलं काढण्यात हयात गेली माझी,
आकडा दिसला की भागाकार सुरू होतो.
नऊ वर्षं भागिले सत्तर मिनिटं :
उत्तर येतं, पण कुठल्या रकान्यात लिहायचं
ते कळत नाही.

मागच्या मंगळवारी फोन वाजला.
निमा म्हणाली, "जीरावण संपलंय."
एवढंच. नऊ वर्षांनी.
मी म्हटलं, "बरं."
कुरियरवाल्याचा नंबर होता माझ्याकडे.
तरी मी तिकीट काढलं.

तपासणीत जवानाने पुडी उघडून हुंगली.
"घर का है, माताजी?"
"हो," मी चक्क मराठीत म्हटलं,
आणि तो शिंकला. रांगेतले सगळे हसले.

धावपट्टीपलीकडे बिजासनच्या टेकडीवर
देवळाचा झेंडा दिसला, मग तिरका झाला, मग नाहीच.
दुसरी बिजासन सेंधव्याच्या घाटात.
बसने एकीपासून दुसरीपर्यंत जाताना
निमाची एक झोप व्हायची, माझ्या खांद्यावर, तोंड उघडं.

पट्ट्याचा दिवा विझायच्या आत
खाली काहीतरी चकाकलं,
इस्त्री चुकलेल्या घडीइतकं बारीक.
शेजारच्या मुलाला विचारलं, "नर्मदा का?"
त्याने कानातलं एक बोंडूक काढलं. "कोण?"
तोवर ढग.
पाच रुपयांचं नाणं माझ्या मुठीत घामेजलेलं,
आणि खिडकी ही अशी, न उघडणारी.
चहा प्यायलाही मूठ सोडली नाही मी,
डाव्या हाताने प्यायले. सांडला थोडा.

पुण्यात सामानाचा पट्टा विमानापेक्षा हळू.
दाराशी निमा.
केस पांढरे, रंगवायचं सोडलेलं दिसतंय,
आणि चप्पल आईसारखी घासत चालते आता.

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही.
तिने पिशवी घेतली, पुडीचा वास घेतला.
मी नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं.
"टाकलं नाहीस?"
"खिडकी उघडत नव्हती."

ती नाण्याकडे बघत राहिली,
रिक्षावाले ओरडत होते,
मग तिने मूठ मिटली, तेव्हासारखीच.

मी कोणाला सांगितलं नाही.