नऊची खीर

कॉर्कच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
सकाळी नऊला देतात वाटीभर खीर,
तांदळाची, गार, वर जॅमचा ठिपका.
सोबत माझ्या पाच कॅप्सूल;
त्यांच्याशिवाय मला लोणीसुद्धा परकं.
खायला वीस मिनिटं. फिंटन घड्याळ लावतो.

मग बोगदा.
श्वास घ्या. सोडा. आता थांबा.
एकतीस वर्षं सगळे पाठीवर थापट्या मारत
सांगत आले, घे गं, श्वास घे,
आणि हा म्हणतो, थांबा.
सोळाव्या सेकंदाला खोकला येतो,
चित्र हलतं,
पुन्हा पहिल्यापासून.

फुप्फुसांचं कौतुक खूप झालं.
नव्या गोळ्या आल्या, तशी ती
व्रात्य मुलांसारखी अचानक शहाणी झाली.
आता म्हणे जरा पोटाकडे बघू.
पोट मागच्या बाकावरचं,
कधीपासून हात वर करून बसलेलं.

दर तासाला एक चित्र.
आतड्यात पाणी किती, ते जोखतात.
दहा. अकरा. एक वाजता सूप.
मधल्या वेळात मी एकटी,
कारण आमच्यातल्या दोघांनी एका खोलीत बसायचं नसतं,
एकाचे जंतू दुसऱ्याला सोसत नाहीत.
भिंतीपलीकडे क्रमांक चौदा.
तो खोकतो.
मी खोकते.
तेवढीच ओळख.

तीन वाजता फिंटन पडदा माझ्याकडे वळवतो.
नियमात बसत नाही, पण वळवतो.
करड्यात करडं, त्यात एक फिकट गोळा.
"ही तुमची खीर."
नऊची खीर, अजून
उजव्या कुशीत, वळणाच्या अलीकडे,
ली नदीच्या ओहोटीत
चिखलात रुतलेल्या होडीसारखी.
बरोब्बर तिथे,
जिथे शाळेच्या सकाळी मी मूठ दाबून धरायची
आणि आई म्हणायची, ऊठ डर्व्हला, नाटकं पुरेत,
भूगोलाचा पेपर आहे म्हणून दुखतंय.

खरं तर आधी कळलं होतं तिलाच.
पाळण्यातल्या माझ्या कपाळाचा मुका घेऊन
तिने ओठ पुसले होते: पोरगी खारट लागते.
डॉक्टर हसले होते. ती हसली नाही.
त्या मिठाला ती जन्मभर जागली,
पहाटेच्या वाफा, थापट्या, इस्पितळातल्या खुर्च्यांवरच्या रात्री.
फक्त पोटदुखी तेवढी तिला पटली नाही.

साडेपाचला बसथांब्यावरून फोन केला.
सांगितलं, चित्रात दिसलं म्हणून.
कुठे, तिने विचारलं.
उजवीकडे. खाली.
तिच्याकडचा नळ चालू होता, तो बंद झाला.
श्वास घ्या, सोडा, आता थांबा.
ती थांबली.
एक बस गेली. दुसरी आली.

मग म्हणाली, भूगोलाच्या दिवशीही?
म्हटलं, त्या दिवशीही.

गणिताच्या दिवशी मात्र खोटं होतं.
ते मी पोटातच ठेवलं.