अर्धं ब्लेड

ट्रेसिंग कागदावरची शाई रबरानं जात नाही.
ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं चिमटीत धरायचं
आणि श्वास रोखून खरवडायचं,
ओठाखालची दाढी करताना फिरवतो तसं.
मग नखानं जागा घोटायची, म्हणजे नवी शाई फुटत नाही.
हे मला उपळावीकरांनी शिकवलं,
वारणालीतल्या पाटबंधारेच्या ऑफिसात, पंखा बंद करून,
कारण पंख्यानं कागद हलतो
आणि नदी वाकडी येते.

पूररेषा दोन. निळी आत, लाल बाहेर.
निळीच्या आत बांधायचं नाही,
दोन्हींच्या मध्ये जोतं उंच घेऊन बांधायचं,
लालच्या पलीकडं कुणीही काहीही.
प्रमाण दहा हजाराला एक.
म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची रेघ
जमिनीवर पाच मीटर रुंद.
आतही नाही, बाहेरही नाही, नुसत्या रेघेत
एक अख्खी खोली मावते, मोरीसकट.

साहेब म्हणाले, कर्नाळ रस्त्याकडचा तो बाक
जरा सरळ कर.
किती?
एक तांदूळ.

तांदूळ म्हणजे सहा मिलिमीटर. साठ मीटर.
मी खरवडलं, घोटलं, चहा पिऊन आलो,
वाळलेल्या जागेवर दोन्ही रेषा नव्यानं ओढल्या.
उजेडाला धरलं तर मात्र दिसायचं,
डोळ्यात फूल पडल्यासारखं, पांढुरकं.
उजेडाला कोण धरतंय.

तिथं पुढं प्लॉट पडले.
चौदा नंबरचा मी घेतला.
सुनंदा म्हणाली, नदी एवढ्या जवळ?
मी म्हटलं, नकाशात आपण बाहेर आहोत,
मी स्वतः बघितलंय.
असं म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं.

एकोणीस साली आयर्विन पुलावरचे फूट
लोक एकमेकांना ताप सांगावा तसे सांगत होते.
एकावन्न. चोपन्न. अजून चढतोय.
पाणी दारातून नाही आलं.
आधी संडासातून आलं, गुरगुरत,
मग मागच्या गल्लीतून, गुपचूप.
शेजारी बिरनाळेंच्या तळघरात हळदीची पोती होती, दोनशे दहा.
पाणी ओसरलं तेव्हा आमच्या भिंतीवर
खिडकीच्या वरच्या बिजागरीपासून चार बोटांवर
राहिली ती रेघ पिवळी होती.
निळी नाही. लाल नाही.

विमा कंपनीची सर्वेअर आली, प्रज्वला गळतगे,
गमबूट, टेप, हातात टॅब.
टॅबवर तोच नकाशा.
'कृष्णा'तल्या ऋकाराची शेपटी लांब.
ती मीच काढायचो तशी.

"काका, तुम्ही तर रेषेच्या बाहेर आहात.
म्हणून हप्ता कमी होता तुमचा."
हो.
"मग पाणी नदीचं की गटाराचं?
दोन्हीला कलमं वेगळी आहेत."
म्हटलं, बाई, ती दोघं आमच्या हॉलमध्ये भेटली.
हसली. लिहून घेतलं तिनं काहीतरी.
"अजून काही सांगायचंय?"
पेन कागदाला टेकवून थांबली.
आत सुनंदा भांड्यांतला गाळ
चमच्यानं काढत होती, एकेका भांड्याचा वेगळा आवाज.
मी म्हटलं, नाही.

चेक आला एक्केचाळीस हजारांचा,
फ्रिज आणि कपाट धरून. गाद्या धरल्या नव्हत्या.

यंदा नूतनीकरणाचा फॉर्म टेबलावर पडून आहे.
घर पूररेषेच्या: आत / बाहेर.
नको ते खोडा.

भिंतीला तिसऱ्यांदा रंग देऊन झाला,
आणि पिवळं परत वर आलंय,
पावसाळी हवेत जरा जास्तच.
रंगारी शिडीवरून खाली बघतो.
"हे असं झाकून जायचं न्हाई, मालक.
आधी खरवडाय लागतंय.
ब्लेड हाय का घरात?"

मी कंपासपेटी शोधतो.
अर्धं आहे, म्हणतो.