हिरवा, रेषेबाहेर

इतवारीत हकीमुद्दीनभाईंकडे
दत्ताच्या तसबिरीची काच बदलायला गेले होते.
मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं,
वाळ्याचा नुसता कोरडा वास.
सिव्हिल लाइन्समधला कुठलासा बंगला पाडला,
त्याच्या रद्दीत निघालेल्या सहा बायका
काउंटरवर आडव्या पडल्या होत्या.
"मेमसाब लोग हैं ताई, दीडशे वर्षांच्या,"
ते म्हणाले, आपल्या नागपुरी भाषेत.

सहाही जणींना एकच चेहरा.
तेच नाक, तीच लवंगेएवढी जिवणी,
कंबर अशी की घास कुठून उतरत असेल.
आणि खाली घेर म्हणजे मांडवच.
एकीच्या घेरात आमची पाचपावलीची खोली मावली असती,
चूल, शिलाई मशीन आणि आईसुद्धा.

भाचा सोबत होता. म्हणाला, मावशी,
हा कापूस आपल्याकडचाच असेल, गाठी बांधून गेलेला.
असेल. मला नाही सांगता यायचं.
मी कापूस पाहत नव्हते.

रेषा छापलेल्या होत्या,
रंग हातानं भरलेला.
हे मला चष्मा पुसायच्या आधीच कळलं.
एकोणीस वर्षं सीताबर्डीला, बारापात्र्यांच्या स्टुडिओत,
मी काळ्यापांढऱ्या नवऱ्या रंगवल्या.
काडीला कापूस गुंडाळून गाल,
शून्य नंबरच्या ब्रशनं कुंकू,
बांगड्या शेवटी.
फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं असायचं:
शालू मोरपंखी. काठ तांबडे. नथ खरी.
फोटोमागे तीस पैसे.

तिसऱ्या बाईच्या बाहीवर
हिरवा रेषेच्या बाहेर गेला होता.
तांदळाच्या कणीएवढा.
हात थकल्यावर जातो तसा नव्हे,
कुणी हाक मारल्यावर जातो, तसा.

कुणी मारली असेल?
शेजारच्या पोरीनं, जिच्या वाट्याला नुसता निळा,
दिवसभर निळाच,
आणि हिच्याकडून कागद पुढे सरकेना म्हणून?
सांगतात, तो हिरवा तेव्हा विषारी असायचा,
सोमल असायचा त्यात.
आणि ब्रशला टोक काढायचं तर ओठच लागतात,
ते मला कुणी सांगायला नको.
बारापात्रे ओरडायचे,
"कुंदा, थुका नोको लावू वो फोटोले!"
मी लावायचेच.

एकदा कामठीहून एक माणूस आला.
बायको गेलेली. एकच फोटो, पाठ कोरी.
लुगडं कोणत्या रंगाचं, मी विचारलं.
तो बाकावर बसून राहिला,
पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत.
आठवत नाही, म्हणाला.
मग म्हणाला, तुम्हीच भरा, चांगलासा.
मी हिरवा भरला.
माझ्या लग्नात मला हवा होता तो.
(लग्न झालं नाही, ती वेगळी गोष्ट.)
आठ दिवसांनी तो आला, उजेडात धरून पाहिलं,
आणि म्हणाला,
हो, हाच होता.

पैसे मोजले, मोटार पकडायला पळाला.
तेव्हापासून कामठीत कुठल्याशा भिंतीवर
एक अनोळखी बाई
माझं लुगडं नेसून उभी आहे.
भिंत असेल तर.

तिसरी मी घेतली.
हकीमुद्दीनभाईंनी भिंग लावलं, डाग पाहिला,
जीभ टाळ्याला लावून चुकचुकले.
माउंट जरा आत घेतो, म्हणाले, झाकून जाईल.
मी म्हटलं, नको. बाहेर घ्या.
तो दिसला पाहिजे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भाच्याकडे.
आणि धंद्याचा माणूस,
डागाचे म्हणून पन्नास रुपये कमी केले.

ती पन्नासाची नोट
अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.
भाजीला सुटे नसले तरी
मी ती काढत नाही.