सातव्या खुर्चीतली बाई

टोलीडोत जानेवारी म्हणजे नदीवर राखाडी बर्फ
आणि रात्री साडेआठलाच संपून गेलेला रस्ता.
एमेट पाय वर घेऊन खुर्चीत बसतो, म्हणतो,
पुन्हा तोच का गं?
तोच.

बाविसाव्यांदा असेल. नेमकं मोजणं मी सोडलं
मशीनने जुनी टेप चावली तेव्हा.
आता चकती आहे, चित्र इतकं स्वच्छ
की नायकाच्या कपाळावरचा घाम खोटा आहे हे कळतं.
तरी मी पुढे सरकून बसते.
पूल बांधणारा साधा इंजिनियर, सख्ख्या भावाच्या खुनाचा आळ,
हातात बेड्या, मागे कुत्री,
आणि धान्याच्या कोठाराच्या माथ्यावरून
गव्हाने भरलेल्या वाघिणीत टाकलेली ती उडी.
पोटात गोळा येतो. मी ओरडते,
डावीकडे! अरे, डावीकडे वळ!
तो डावीकडे वळतो.
बावीस वेळा ऐकलंय त्याने माझं.

मार्शलच्या पहिल्या शिंकेला एमेट घोरायला लागतो.
मला आवडतो हा मार्शल. नाक लाल, खिशात खोकल्याच्या गोळ्या,
प्रत्येक कागद दोनदा वाचणारा माणूस.

पण आपल्याला आधीच माहीत असतं ना, हा निर्दोष आहे ते.
कॅमेऱ्याने बोट धरून आपल्याला त्या खोलीत नेलेलं असतं,
दाराच्या मुठीवरचा अंगठीवाला हात दाखवलेला असतो.
तेवढं दाखवल्यावर
कोणीही न्यायी होतं.

मला कोणी हात दाखवला नव्हता.
ब्याण्णव सालचा फेब्रुवारी, काउंटीचं कोर्ट, दुसरा मजला.
लीलंड प्रूइट. टायरचं दुकान पेटवल्याचा आरोप,
आत झोपलेला रखवालदार गेला होता.
अंगात कुणाचा तरी मागून आणलेला कोट,
बाह्या पार बोटांवर.
तो म्हणाला, मी बहिणीकडे होतो.
तिने सूप केलं होतं. मक्याचं.
सरकारी वकिलाने विचारलं,
मका ताजा, की डब्यातला?
तो थांबला.
फार वेळ थांबला.

आमच्या खोलीत हीटर आतून ठोके देत होता.
पाचव्या खुर्चीतल्या माणसाची शेवटची बस सहाला,
माझी लेक शेजारणीकडे, तापाने फणफणलेली.
कोणीतरी म्हणालं, खरं बोलणारा डब्यापाशी अडखळत नाही.
बरोबर वाटलं ते. बर्फ पडत असताना
पुष्कळ गोष्टी बरोबर वाटतात.
नऊ हात वर होते. मग दहा.
अकरावा माझा. त्यात जोर नव्हता,
पण हात मोजताना
जोर कोणी मोजत नाही.

त्याने केलंच नव्हतं, असं मी म्हणत नाही.
केलंही असेल.
मला माहीत नाही, आणि तेव्हाही नव्हतं.
घरी येऊन मी डब्यातला मका गरम केला होता,
लेकीसाठी. तोच हाताशी होता.

सिनेमा संपतो. खरा खुनी सापडतो,
मार्शल नायकाला स्वतःचे हातमोजे देतो, बोलत काहीच नाही.
नावं वर सरकायला लागली की मी मागे जाते,
चौदाव्या मिनिटाला, आणि चित्र थांबवते.
ज्यूरी. चारच सेकंद दिसते.
बारा चेहरे, एकालाही नाव नाही.
सातव्या खुर्चीत एक बाई,
मांडीवर तपकिरी पर्स, दोन्ही हातांनी आवळलेली.
कॅमेरा तिच्यावरून पटकन निघून जातो.
त्याला पळायचं असतं नायकामागे.
पुढे नायक सुटल्याची बातमी तिला कळली का,
कुठे होती ती तेव्हा, भांडी घासत होती का,
हे त्यांनी कुठेच घेतलेलं नाही. मी बघितलंय नीट.

एमेट डोळे चोळतो.
अडकलं का गं मशीन?
नाही, मी म्हणते.
झोप तू.