हाळ

खडेबाजारात, जुन्या तराजूंच्या दुकानात मिळाला,
कापडावर डकवलेला, सोळा घड्यांचा.
घड्यांवर उंदरांनी आपापली मोजणी केलेली.
इंचाला एक मैल.
राकसकोपला धरण नाही अजून,
मार्कंडेय म्हणजे नुसती निळी दोरी,
काजूच्या कारखान्याच्या जागी गवताच्या चार काड्या.
आणि जांबोटीच्या अंगाला
तपकिरी वळ्यांच्या कुशीत तुटक रेघेचा चौकोन,
शेजारी इंग्रजी तिरक्या अक्षरांत
हाळ कसमोळी.

तीस वर्षं मी बटाटा कापून
पोरांना समोच्च रेषा शिकवल्या.
डोंगर मात्र लांबूनच.

हाळ म्हणजे ढोरांचं पाणी प्यायचं दगडी टाकं,
मी म्हटलं. विहीर असणार जवळ.
अडिवेप्पा हसला.
हेस्कॉमचा लाइनमन, रिटायर झाला तरी
खांब दिसला की मान वर जाते त्याची.
"सर, हाळु म्हणजे ओसाड. उजाड झालेलं.
तुम्ही पाणी शोधताय, खरं तिथं कुणी नाही
असं लिहिलंय."

मग नोव्हेंबरच्या एका रविवारी
डब्यात भाकरी, बरोबर थोडं भांडण घेऊन निघालो.
फाट्यावरचा मैलाचा दगड तीनदा रंगवलेला,
एका लिपीखालून दुसरी डोकावणारी;
त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.
नकाशातली गाडीवाट करवंदीत शिरली
ती बाहेर आली नाही.
ओढा मात्र जागेवर होता, शंभर वर्षांत
एक वळणसुद्धा बदललं नव्हतं त्यानं.

वर एक जोतं. मग दुसरं.
चुलीचे तीन दगड, मध्ये वीतभर वारूळ.
कशानं उठलं असेल गाव? प्लेग म्हणावा,
वाघ म्हणावा, की नुसता कंटाळा?
नकाशा कारण सांगत नाही.
अडिवेप्पानं टोपी काढली. "बघा. हाळु."
जिंकल्याचा आवाज नव्हता तो.

पालापाचोळ्यात माझाच पाय अडखळला.
हातांनी उकरलं: अखंड दगड, पुरुषभर लांब,
काठ ढोरांच्या मानांनी झिजून गुळगुळीत,
तळाशी परतीच्या पावसाचं काळं पाणी
आणि दोन बेडूक.
मी काहीच म्हटलं नाही.
म्हणायचं होतं, खरं तर.

भाकरी खाताना तो दिवस उभा करत बसलो:
माळावर तिकाटणं, त्यावर फळा,
देहरादूनहून आलेला कुणी टोपीवाला
आणि साखळी ओढून कावलेला खलाशी.
खालून जाणाऱ्याला विचारलं असेल, हे काय?
तो कानडी होता की मराठी?
पडक्या भिंतीकडे हात केला त्यानं, की दगडाकडे?
टोपीवाल्याला दोन्हींतलं काहीच कळत नव्हतं.
त्यानं ऐकलं तेवढं लिहिलं,
पेन्सिल थुंकीनं ओली करून.

एवढ्यात म्हशी आल्या,
मागून ठकू गवळीण, खांद्यावर कोयती.
नकाशा तिच्यापुढं पसरला.
तिनं डोंगराच्या वळ्यांवरून अंगठा फिरवला,
गोधडीचा टाका बघावा तसा.
"मावशी, ह्या जागेला काय म्हणता तुम्ही?"
"काय म्हणायचं?
नाव कुनाला हाक मारायला लागतंय.
हितं कोन हाय?"

म्हशींनी एकेक करून मान खाली घातली.
बेडूक उड्या मारून बाजूला झाले,
रोजचंच असल्यासारखे.

उतरताना वारा सुटला,
कापड फडफडलं, नेमकी तीच घडी
आणखी दोन बोटं फाटली.
अडिवेप्पा म्हणाला, घरी खळ आहे, चिकटवू.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"सर, ते पाणी
जून महिन्यातबी असेल काय हो?"