खरं

उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीच्या चहाआधी,
भरमाण्णा साखळीला टांगलेल्या पंपाच्या कवचाला
हातोडी लावतो. मारत नाही, लावतो,
आणि मान तिरकी करून थांबतो
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा.

मी नाशिकची. इथं येऊन चार महिने.
माझ्या यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ:
मधेच उसळली तर आत पोकळी,
सपाट राहिली तर घट्ट बीड.
त्या दिवशी सपाट होती.
"तुमचं मशीन बरोबर हाय खरं,"
तो म्हणाला, हातोडी खिशात खुपसली.
मी सही केली. चाळीस नग.

ट्रक होनगा ओलांडून गेल्यावर
कोअर भाजणारी सुमित्रा हसायला लागली:
मॅडम, आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'.
त्याचं वाक्य व्हायचं होतं अजून.

तीन नग परत आले, पाणी झिरपणारे.
तीनच. सदतीस धडधाकट.

मग महिनाभर वहीत तीन रकाने:
त्याचा कान, माझी रेघ, आणि शेवटी करवत.
करवतीला कुणाची भीड नाही.
एकदा त्याने छातीला हात लावून नाकारलेलं कवच
कापलं तर आत करडं, अखंड, दाणेदार.
बराच वेळ तो त्या कापावरून बोट फिरवत राहिला.
"सर्दी हाय मला," म्हणाला.
भट्टीवरचा ईराप्पा कन्नडात ओरडला, "खरेन?"
आणि त्या भाषेत 'खरे' म्हणजे खरंच.

काय ऐकता, विचारलं. "बद्द वाजतंय."
बद्द म्हणजे? "बद्द म्हणजे बद्द."
हा कान कुठून आला, त्याला ठाऊक नाही.
मला माझ्या रेघेचं सगळं ठाऊक,
फक्त जिच्यावरून ती जुळवतात
तो पोलादी ठोकळा निर्दोष आहे
हे कुणी, कशावरून ठरवलं, तेवढं सोडून.

आता नग आला की आधी त्याला विचारते,
मग रेघ बघते. कधी उलट.
क्रम बदलला की उत्तर बदलतं का,
तो रकाना आखून ठेवलाय. रिकामा आहे.

रात्री आईचा फोन. बरी आहेस ना?
"बरी आहे खरं," मी म्हणाले.
"बास, मग काळजी मिटली,"
म्हणाली, आणि ठेवला.