हरकत

बस सूरला पोचली तेव्हा दुपारचे दोन.
रस्त्यात सावली नव्हती,
एक बकरी बंद शटरला पाठ लावून उभी.
मी पिशवीची चेन दोनदा तपासली.
पासपोर्ट. चष्मा. मेथीच्या दशम्या, तिसऱ्या दिवसाच्या.

खानावळीत कुटुंबांसाठी वेगळी खोली.
शाजीनं विचारलं, कितने लोग?
मी एक बोट दाखवलं.
त्यानं माझ्यामागे पाहिलं, दारात, मग रस्त्यावर,
कुणी गाडी लावून येत असेल म्हणून थांबला थोडा.
मग पडदा सारून
चार खुर्च्या, चार ग्लास असलेल्या टेबलाशी
मला कुटुंब म्हणून बसवलं.
तीन ग्लास मी पालथे घातले.
नंतर एक पुन्हा सुलटा केला, का कोण जाणे.

तीस वर्षं कराडच्या तहसील कचेरीत
फेरफारांवरच्या हरकती घेतल्या मी.
पुतण्याविरुद्ध चुलत्याची, भावाविरुद्ध बहिणीची,
पंधरा दिवसांची मुदत, पोच, शिक्का.
निवृत्तीच्या पैशातून हे तिकीट काढलं
तर घरातच रीतसर दाखल झाल्या:
धाकट्या दिरांची तोंडी,
सुनेची भांड्यांच्या आवाजात,
मुलाची फोनवर, "आई, तिकडे बाईमाणसानं एकटीनं..."
आणि वाक्य तिथंच सोडलेलं,
पुढचं मला पाठ असणार या खात्रीनं.
कशासाठी जातेस, हे मात्र सगळ्यांनी विचारलं.
कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न नव्हतं,
वाटेत देवही नव्हता.
मी म्हटलं, पाहणीसाठी.

लाकडी आडोशाखालून एक पोर सरपटत आलं
आणि माझ्या पायांपाशी बसलं.
जोडवी काढून सहा वर्षं झाली,
बोटांवर फिकट वळ राहिलेत,
त्यावरून ते बोट फिरवू लागलं.
त्याला शोधत म्हातारी आली, झुवैना,
कोपरानं पडदा लोटून.
तिनं तिन्ही रिकाम्या खुर्च्या नीट पाहिल्या,
मग मला, आणि हळूच म्हणाली,
"गरीबा."

मला राग आला.
पेन्शन आहे मला, म्हटलं. मराठीतच.
मागून तिची नात हसत आली,
आजीच्या ऑपरेशनला दोन महिने मुंबईत राहिलेली,
तिथल्या वॉर्डातलं हिंदी बोलणारी.
तसं नाही, म्हणाली, आमच्यात गरीब म्हणजे परकी.
लांबून आलेली.
आजी तिथे आठवडाभर हेच म्हणायची,
स्वतःला.

म्हातारीनं माझ्याच टेबलावर हलव्याची वाटी ठेवली
आणि सुलट्या ग्लासात आपल्यासाठी पाणी ओतलं.

मी विचारलं, आणि हरकत?
"हरका?" शेवटचा त तिनं गिळला.
थोडा विचार करून हात टेबलावर ठेवला
आणि बोटं चालवत नेली
माझ्या ताटापासून पार कडेपर्यंत.
हलणं, म्हणाली. एका जागेहून दुसरीकडे.

संध्याकाळी खाडीकाठी गेले.
अर्धी बांधलेली होडी, नुसत्या फासळ्या,
सागवान आपल्याकडचं, सुतारही.
एक पांढरी गाडी माझ्याजवळ हळू झाली,
पुढे जाऊन वळली, पुन्हा हळू झाली.
मी होडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले,
ती जाईपर्यंत सुताराला भलतंसलतं विचारत,
हा खिळा केवढ्याला, ही फळी कुठली.
छाती कचेरीतल्या टाइपरायटरसारखी वाजत होती.
हे मुलाला सांगणार नाही.

रात्री खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावली.
फोन आला. जेवलीस? दार नीट लावलंस? उद्या निघतेस ना?
परवा, म्हटलं. इथून पुढे कासवं येतात म्हणे,
अंधारात, वाळूवर, एकेकटी.
तो गप्प.
का रे, मी विचारलं, हरकत आहे?

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मी खुर्ची दाराशीच ठेवली,
फक्त तिचं तोंड फिरवलं खिडकीकडे,
आणि तिच्यावर बसून
उरलेली दशमी खाल्ली.